सगळी लिस्ट संपली, तरी आम्ही पाहुणेच?

प्रश्न: नमस्कार ताई. मी ३१ वर्षांची, मिस्टर ३४. गेल्या जूनमध्ये आम्ही डोंबिवली सोडून साताऱ्यात राहायला आलो. ह्यांचं काम लॅपटॉपवर घरूनच चालतं, लोकलच्या गर्दीला दोघंही वैतागलो होतो, म्हणून ठरवलं आणि आलो. मी शाळेत शिकवत होते, ती नोकरी सोडली. शाहूनगरला भाड्याचा फ्लॅट आहे, खिडकीतून अजिंक्यतारा किल्ला दिसतो, हवा मस्त, तक्रार करावी असं काहीच नाही. ह्यांचं आजोळ पाटण तालुक्यातलं, पण आता तिथं कोणी राहत नाही. मिस्टरांनी एक्सेलमध्ये बघायच्या जागांची लिस्ट केलीय आणि दर शनिवार-रविवार आम्ही गाडी काढतो. कास झालं, ठोसेघर झालं, सज्जनगड दोनदा, वजराई, बामणोली, डिसेंबरात वासोटासुद्धा. लिस्ट जवळपास संपली, पण सोमवार उजाडला की मला वाटतं आपण इथं लॉजवर उतरलोय. दुकानात कोणी विचारलं "कुठलं म्हणायचं तुम्ही?" की मी डोंबिवली म्हणते आणि बोलणं तिथंच संपतं. हे म्हणतात वेळ लागतो, अजून महाबळेश्वर-पाचगणी राहिलंय. मला आता गाडीत बसायचाच कंटाळा आलाय आणि त्यावरून आमची कुरबुर चालू असते. आमचं चुकतंय कुठं?

उत्तर: अगं, आधी ते "कुठलं म्हणायचं" निस्तरू, कारण मला वाचताना हसू आलं. मी पण लग्न होऊन ठाण्याहून इकडं आले तेव्हा सहा महिने हेच करत होते. कोणी विचारलं की पत्ता सांगायचा, आणि समोरचा "बरं बरं" म्हणून वजनकाट्याकडे बघायचा. त्या माणसाला तुझा पत्ता नको असतो, तू कुणाची कोण लागतेस ते हवं असतं. आजोळ पाटणकडचं, आणि तू डोंबिवली सांगत बसलीस! पुढच्या वेळी म्हण, "आलोय डोंबिवलीहून, पण ह्यांचं आजोळ पाटणकडचं." मग बघ, लगेच गाव कुठलं, आडनाव काय, आणि चौथ्या वाक्याला त्याच्या मेव्हण्याची सासुरवाडी शेजारच्या गावात निघते. शहरातल्या माणसाला ही चौकशी खुपते, मलाही खुपायची, पण इथं ओळख करून घ्यायची हीच पद्धत आहे आणि एकदा धागा जुळला की भाजीवाली बाईच तुला "वैनी, आज मेथी नका घेऊ, कालची हाय" असं सांगते.

आता फिरण्याचं. तुम्ही जे बघितलं ते पुण्या-मुंबईचे लोक शनिवारी येऊन बघून जातात तेच बघितलंय, त्याच दिवशी, त्याच ट्रॅफिकमध्ये. सप्टेंबरातल्या रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते तेव्हा आम्ही घरात बसून भजी तळतो. कासला जायचं तर मंगळवारी-बुधवारी सकाळी जा, आधी बुकिंग बघून ठेव, आणि दर पंधरा दिवसांनी जा, कारण ते फुलांचं पठार एकदा बघून संपत नाही. जांभ्याचा कातळ, वर मातीचा पातळ थर, त्यामुळे मोठं झाड तिथं धड उभं राहत नाही आणि बोटाएवढ्या झाडांना रान मोकळं मिळतं. आज सीतेची आसवं ही फुलं निळी-जांभळी पसरलेली असतात, दोन आठवड्यांनी बघावं तर कवल्याच्या फुलांचा पिवळा रंग चढलेला. वाकून बघितलंस तर दवबिंदू दिसेल, किडे खाणारी वनस्पती, नखाएवढी. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा युनेस्कोच्या यादीत गेल्या त्यात कास आहे, आणि ते तुमच्या घरापासून साधारण २५ किलोमीटरवर आहे, म्हणजे डोंबिवलीहून दादरला जाण्यापेक्षाही सोपं.

पण खरं सांगू, कास राहू दे. तुम्ही साताऱ्याच्या आजूबाजूला सगळं बघितलं आणि सातारा बघितलाच नाही. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात गावातली एकही पेठ नाही! १७०८ मध्ये शाहू महाराजांचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नातवाचा, इथं राज्याभिषेक झाला आणि मग त्यांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी हे शहर वसवलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशा वारांच्या पेठा तर आहेतच, शिवाय यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा, माची पेठ, रामाचा गोट. गाडी घरी ठेवा आणि पायी निघा, काही बघायचं म्हणून नको, काम काढून जा. चप्पल शिवायची आहे, मिक्सरचं भांडं दुरुस्त करायचंय, ब्लाऊज शिवायला टाकायचाय. ऑनलाइन मागवू नका. कमानी हौदापासून राजवाड्यापर्यंत येईपर्यंत चार जणांना रस्ता विचारावा लागेल आणि तो प्रत्येक जण वेगळा सांगेल. कंदी पेढे पण एकाच दुकानातून आणू नका, दर वेळी वेगळ्या दुकानातून पावशेर आणा आणि दोघांनी भांडून ठरवा की आपलं दुकान कुठलं. साताऱ्यात प्रत्येक घराचं पेढ्याचं दुकान ठरलेलं असतं, त्यावर लोक वाद घालतात, मीही घालते.

आणि अजिंक्यतारा नुसता खिडकीतून बघू नका. गाडी वरपर्यंत जाते, ती नेऊ नका. सकाळी सहाला निघा, रोज, त्याच वेळेला. पहिले आठ दिवस कोणी बोलणार नाही, नंतर एक आजोबा मान हलवतील, पंधराव्या दिवशी तुम्ही गेला नाहीत तर सोळाव्या दिवशी "काल दिसला न्हाय" म्हणून जाब विचारतील. वर मंगळाईचं देऊळ आहे, तिथून सगळं शहर ताटात वाढल्यासारखं दिसतं, पलीकडे सज्जनगड, यवतेश्वर, जरंडा. एक्सेलची हौस असेल तर मिस्टरांना म्हणावं, वर बसून कुठला डोंगर कुठला ते लिहून काढा, बरोबर आलंय का ते तिथलेच आजोबा तपासून देतील.

आता जे तू लिहिलं नाहीस ते. ह्यांचं ऑफिस लॅपटॉपमधून बरोबर आलं. त्यांचे मित्र, मीटिंगा, चहाच्या वेळेची चेष्टामस्करी सगळं तसंच चालू आहे, फक्त खिडकीबाहेर किल्ला आला. म्हणून त्यांना शनिवार-रविवारचा सातारा पुरतो. तुझी मात्र शाळा गेली, स्टाफरूम गेली, साडेसातची घाई गेली, आणि आठवड्यातले पाच दिवस फ्लॅटमध्ये रिकाम्या हातानं काढून सहाव्या दिवशी धबधबा बघायचा म्हटल्यावर कंटाळा येणारच. ते "वेळ लागतो" म्हणतात ते खोटं नाही, पण नुसता वेळ जाऊन काय होणार, तुझ्या हाताला काम पाहिजे. मास्तरणीला साताऱ्यात काम नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. रयत शिक्षण संस्थेचं मुख्यालय इथं आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला आणली, त्याशिवाय बाकी शाळा आहेतच. कायमची जागा लगेच मिळेल असं नाही, पण अर्ज टाक, रजेवरच्या बाईंच्या जागी चार महिने मिळाले तरी घे. तोवर दुपारी घरी पाच पोरांची शिकवणी सुरू कर. पोरांबरोबर त्यांच्या आया येतात, आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये कोण कोणाशी बोलत नाही ते तुला आठवड्यात कळेल.

महिन्यातला एखादा रविवार मात्र मिस्टरांना द्या, त्यांच्या लिस्टचा एवढा राग नको. फक्त महाबळेश्वरऐवजी माहुलीला जा. कृष्णा आणि वेण्णा दोघी महाबळेश्वरच्याच, वेगवेगळ्या वाटेनं खाली उतरतात आणि इथं संगम माहुलीला भेटतात. घाटावर बसा, देवळं बघा, शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात ती बघा. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. दुसऱ्या रविवारी लिंबला बारामोटेची विहीर, बैलांनी पाणी ओढायच्या १२ मोटा एका वेळी चालायच्या म्हणून ते नाव, आणि विहिरीच्या आतच बसायला महाल. अर्ध्या दिवसात घरी येता, दुपारी झोपता येतं.

प्रश्न: आम्ही दोघं रिटायर होऊन मागच्या वर्षी पुण्याहून साताऱ्यात यवतेश्वरच्या बाजूला बंगला घेतला. पहिल्याच पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना बुरशी, मिठाला पाणी, चपलांवर हिरवं, आणि दीड महिना धड ऊन नाही. मिस्टर म्हणतात बंगला विकू. गावातले लोक कसे राहतात हो?

उत्तर: काकू, विकू नका, पण पुढच्या वेळी घर घेताना पावसात येऊन बघायचं! या जिल्ह्याचं असं आहे की पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि पूर्वेला माण-खटावात ५०० च्या आसपास, तेवढ्यासाठीही लोक आभाळाकडे डोळे लावून बसतात. ढग घाटमाथ्यावर रिकामे होत होत पूर्वेकडे जातात, त्यामुळे साताऱ्यात जितकं डोंगराकडे सरकाल तितकं ओलं. तुम्ही बरोब्बर ढगाच्या तोंडाशी घर घेतलंय.

मे संपायच्या आत साड्यांना कडक ऊन दाखवून त्या लोखंडी ट्रंकेत सुती कापडात बांधून ठेवा, वर कडुलिंबाचा वाळलेला पाला. लाकडी कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, वीतभर पुढे ओढा. कपाटात कमी वॉटचा पिवळा बल्ब लावून दिवसातून तासभर चालू ठेवतात लोक, मात्र कपड्यांपासून लांब आणि कोणी घरात असतानाच. मीठ बरणीत, खाली चार दाणे तांदूळ. कपडे पंख्याखाली दोरी बांधून वाळवायचे आणि जीन्स घालणं गणपतीपर्यंत सोडून द्यायचं. चपलांचं मात्र काही होत नाही, आम्ही सगळे जुलै-ऑगस्ट प्लास्टिकच्याच घालतो.