खडकांचे वय काढण्यात करिअर होते का?

प्रश्न : आम्ही नागपुरात मानकापूर भागात राहतो. मुलगी यंदा बारावी सायन्स उत्तीर्ण झाली. गणित आणि रसायनशास्त्रात तिला उत्तम गुण आहेत आणि सीईटीच्या पर्सेंटाइलवर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेल असे दिसते. ती मात्र म्हणते की, मला अग्निजन्य खडकांचे वय काढून प्राचीन भूपट्टांचा इतिहास शोधायचा आहे. यात नोकऱ्या आहेत का? मुलीला रानावनांत हिंडावे लागेल का? नागपूर सोडावे लागेल का? — एक आई

उत्तर :

सप्रेम नमस्कार. आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देतोच, परंतु त्याआधी मुलीला नेमके काय करायचे आहे ते समजून घेऊ, कारण हा विषय ऐकणाऱ्याला छंदासारखा वाटतो आणि तिथेच घरातली चर्चा फिसकटते.

महासागरांचा तळ सागरी पर्वतरांगांपाशी सतत नव्याने तयार होतो आणि खोल गर्तांपाशी पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो. त्यामुळे किरकोळ अपवाद सोडले तर वीस कोटी वर्षांहून जुना सागरतळ आज शिल्लकच नाही. पृथ्वीचे वय मात्र सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. म्हणजे त्याआधीच्या प्रदीर्घ काळात कोणता भूखंड कोणाला चिकटलेला होता आणि कधी वेगळा झाला, याचा पुरावा खंडांवर उरलेल्या खडकांतच शोधावा लागतो. भूपट्ट एकमेकांवर आदळतात तेव्हा एका प्रकारचे ग्रॅनाइट तयार होतात आणि भूखंड फाटतो तेव्हा भेगांतून बेसाल्टचा रस वर येतो. खडकाच्या रासायनिक घडणीवरून काय घडले याचा अंदाज बांधता येतो, परंतु ते केव्हा घडले हे वय काढल्याशिवाय कळत नाही.

यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे ती दख्खनच्या बेसाल्टची आहे आणि त्या लाव्हाचा मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाला. तिथून रामटेक-मनसरच्या दिशेने निघालात की बेसाल्ट मागे पडतो आणि मँगनीजसाठी प्रसिद्ध असलेल्या सौसर पट्ट्याचे कितीतरी जुने, उष्णतेने व दाबाने रूपांतरित झालेले खडक लागतात. मध्य भारतातला हा प्रदेश म्हणजे उत्तरेकडचा बुंदेलखंडचा आणि दक्षिणेकडचा बस्तरचा प्राचीन भूखंड जिथे जोडले गेले तो सांधा, असे मानले जाते. हा सांधा केव्हा जुळला याबद्दल मात्र एकमत नाही. काही अभ्यासक मुख्य टक्कर १६० ते १८० कोटी वर्षांपूर्वी झाली असे मानतात, तर काही शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या घडामोडींना अधिक महत्त्व देतात. हा वाद मिटायचा तर या पट्ट्यातील ग्रॅनाइट आणि नाइस (उष्णतेने व दाबाने बनलेला पट्टेदार खडक) यांची विश्वासार्ह वयेच हवीत. आपल्या मुलीला जो प्रश्न पडला आहे तो नागपूरपासून एक-दीड तासाच्या अंतरावर अजून अनुत्तरित पडून आहे, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

वयांची जुळणी किती दूरवर नेऊ शकते याचे एक उदाहरण राजस्थानात आहे. जोधपूरचा मेहरानगड ज्या खडकावर उभा आहे तो मालानी भागातला रायोलाइट, म्हणजे ग्रॅनाइटसारख्याच घडणीचा ज्वालामुखीतून बाहेर पडलेला खडक, साधारण ७५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवरचे ग्रॅनाइटही त्याच सुमाराचे आहेत. या वयांना खडकांतील प्राचीन चुंबकत्वाच्या मोजमापांची जोड मिळाली, म्हणून दोन्ही प्रदेश त्या काळी शेजारी असावेत असे म्हणण्याला आधार आला. नुसते वय जुळले म्हणजे शेजार सिद्ध झाला असे नव्हे.

आता प्रत्यक्ष काम. ग्रॅनाइटचा नमुना प्रयोगशाळेत फोडून त्याची भुकटी केली जाते, ती चाळली जाते, मग जड द्रव आणि चुंबक वापरून नको ती खनिजे वेगळी काढली जातात. तळाशी जे चिमूटभर उरते त्यातून सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने झिरकॉन या खनिजाचे स्फटिक एकेक करून वेचावे लागतात. हे स्फटिक बहुधा एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असतात. पुढे ते रेझिनमध्ये बसवून अर्ध्यापर्यंत घासतात, आतली वाढीची वलये पाहतात, कोणत्या वलयावर लेसरचा ठिपका पाडायचा ते ठरवतात आणि मगच अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राकडे वळतात. यंत्रावरचे काम त्या मानाने लवकर उरकते. निवडण्या-वेचण्यात मात्र दिवसचे दिवस जातात.

झिरकॉनच का, तर हा स्फटिक घडताना युरेनियम सामावून घेतो आणि शिसे जवळजवळ घेतच नाही. युरेनियम मात्र ठरावीक गतीने हळूहळू शिशात बदलत जाते, यालाच ऱ्हास म्हणतात. म्हणून त्यात पुढे सापडणारे शिसे युरेनियमच्या ऱ्हासातून आले असे मानता येते. शिवाय युरेनियमचे दोन समस्थानिक त्यात असतात. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, सुमारे ४४७ कोटी वर्षे, तर युरेनियम-२३५ चे सुमारे ७० कोटी. दोघांवरून स्वतंत्रपणे काढलेली वये जुळली तर आकड्यावर विश्वास ठेवायचा, नाही जुळली तर मध्ये शिसे निसटले का ते शोधायचे. युरेनियम आणि शिशावरून खडकांची वये काढणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासकांपैकी एक, ज्याने १९११ साली अशी वये प्रसिद्ध केली, तो ब्रिटिश भूवैज्ञानिक आर्थर होम्स पुढे खंडांच्या सरकण्यामागे पृथ्वीच्या पोटातील संथ अभिसरण असावे असे मांडणाऱ्यांतही अग्रभागी होता. दोन्ही विषय एकाच माणसाच्या डोक्यात एकत्र आले, यात मला नवल वाटत नाही.

मुलीला एक गणित घालून पाहा. एका झिरकॉनमध्ये युरेनियम-२३८ चे १००० अणू शिल्लक आहेत आणि त्यापासून बनलेल्या शिसे-२०६ चे १६८ अणू आहेत, तर स्फटिकाचे वय किती? बारावीच्या भौतिकशास्त्रातील सूत्राने उत्तर शंभर कोटी वर्षांच्या जवळ येईल आणि ते तिला सहज जमेल. परंतु उत्तर आल्यावर ती थांबते की पुढे काही विचारते, इकडे आपण लक्ष द्यावे. कारण ग्रॅनाइटचा रस पुष्कळदा जुना खडक वितळून बनतो आणि त्या जुन्या खडकातील झिरकॉन न वितळता नव्या स्फटिकाच्या गाभ्यात तसाच राहतो. लेसर त्या गाभ्यावर पडला तर यंत्र अगदी अचूक आकडा देते, पण तो या ग्रॅनाइटचा नसतो. हा आकडा नेमका कशाचे वय सांगतो, हा प्रश्न ज्याला आपण होऊन पडतो त्याने या वाटेला जावे. नुसत्या यंत्राचे आकर्षण असेल तर ते दोन वर्षांत ओसरते.

नोकऱ्यांबद्दल स्पष्टच लिहितो. केवळ वय काढणे हे ज्यांचे काम आहे अशा जागा देशात थोड्याच आहेत आणि त्यांसाठी बहुधा पीएच.डी. लागते. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था (एनजीआरआय), डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था, दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमधील भूकालमापन सुविधा, आयआयटी मुंबई, अशी ही मोजकी ठिकाणे आहेत. नेट-जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाल्यास पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो, त्यामुळे शिक्षणाचा भार घरावर पडत नाही. परंतु सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत स्थिर पगार नसण्याची तयारी मुलीची आणि आपलीही हवी.

दुसरीकडे, भूविज्ञानाची एम.एस्सी. एवढ्यापुरती बांधलेली नाही. यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा उत्तीर्ण झाल्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, म्हणजे जीएसआयमध्ये, गट अ अधिकारी म्हणून नेमणूक होते आणि मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. भूजल मंडळातील जागाही याच परीक्षेतून भरतात. त्यात नागपूरसारखे शहर या विषयाला क्वचितच मिळेल. जीएसआयच्या मध्य विभागाचे कार्यालय सेमिनरी हिल्सला आहे. भारतीय खाण ब्यूरो, मँगनीज काढणारी मॉइल, कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफील्ड्स आणि खनिजांचा शोध घेणारी एमईसीएल यांची मुख्यालयेही इथलीच. एक खुलासा करतो. इथल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेतील मायनिंग इंजिनिअरिंग ही चांगली शाखा आहे, पण ते खाण चालवण्याचे शास्त्र आहे. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळणार नाही, त्यामुळे मधला मार्ग म्हणून ती शाखा सुचवू नये.

हिंडावे लागेल का? होय, आणि ते टाळायचे असेल तर हा विषय घेऊ नये. नमुना कोठून घेतला, कोणता खडक कोणाला छेदून गेला आहे, हे ज्याने स्वतः पाहिलेले नाही त्याला प्रयोगशाळेतला आकडा वाचता येत नाही. मुलगी म्हणून आपल्याला वाटणारी काळजी समजते. पण भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपुरातच जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत १९८३ सालच्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या, त्यालाही आता चार दशके उलटली. फील्डवर्क बहुतेक गटाने होते.

नागपूर लगेच सोडावे लागणार नाही. इथे बी.एस्सी.ला भूविज्ञान घेता येते आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात पदव्युत्तर विभागही आहे. तरीही बी.एस्सी.नंतर तिने ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करावी असे मी सुचवीन, कारण उपकरणांची ओळख तिथे लवकर होते. बी.एस्सी.ला भूविज्ञानाबरोबर रसायनशास्त्र सोडू नये, आणि तिसरा विषय निवडता आला तर गणित घ्यावे. कॉम्प्युटरचा मोह पूर्ण मारण्याचीही गरज नाही. या क्षेत्रात आकडेमोड पायथॉनमध्ये चालते, ते तिला घरी शिकता येईल.

कॅप राउंडचे पर्याय भरण्याआधी तिला घेऊन दोन-तीन महाविद्यालयांच्या भूविज्ञान विभागांत जाऊन यावे. तिथे इमारत पाहू नये. ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शक किती चालू स्थितीत आहेत, खडकांच्या पातळ चकत्या विद्यार्थ्यांना स्वतः हाताळू देतात का आणि मागील वर्षी फील्ड ट्रिप कोठे गेली होती, हे तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे.