दोन खून आणि तीन एनसी

प्रश्न : आमचं तालुक्याचं गाव सोलापूर जिल्ह्यात, वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. या वर्षी दोन खून झाले. एक बस स्टँडमागे पोरांच्या भांडणात, कोयत्याने. दुसरा लांबच्या एका वस्तीवर. पुण्याचा भाऊ म्हणतो, गाव आता राहायच्या लायकीचं उरलं नाही, आईला इकडे आण. मी इथल्याच शाळेत शिकवते. गुन्हे खरंच वाढलेत, की मोबाईलवर सतत तेच बघून तसं वाटतं? आम्हाला तशी झळ काही नाही. चुलत्यांशी बांधावरून जुनी कुरबूर आहे, त्याच्या ठाण्यात तीन एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारी, झाल्यात, तेवढंच.

उत्तर : ताई, एकतीस वर्षं खात्यात काढून सहायक फौजदार म्हणून घरी बसलो. तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी तीनदा वाचली. तिच्याकडे येतोच, आधी आकड्यांचं बघू.

२०२२ साली देशात २८,५२२ खून नोंदले गेले. म्हणजे लाख माणसांमागे साधारण दोन. त्या हिशेबाने तुमच्या गावाच्या वाट्याला दोन वर्षांत एक येतो. पण खून काही हप्त्याने येत नाहीत. तीन वर्षं एकही नाही आणि चौथ्या वर्षी दोन, तरी सरासरी तीच राहते. पेपरात मात्र ‘गुन्हेगारीने डोके वर काढले’ असा मथळा येतो. एवढ्याशा गावात दोन घटनांवरून कल काढू नये. दहा वर्षं एका ओळीत मांडली तर कुठे काही दिसेल.

शिवाय तो दुसरा खून तुमच्या गावातला म्हणायचा का? मी सर्वांत जास्त काळ ज्या ठाण्यात होतो, त्याच्या हद्दीत बेचाळीस गावं होती. अठरा किलोमीटरवरच्या वस्तीवर काही घडलं तरी बातमीत नाव ठाण्याच्या गावाचंच.

मारामारीच्या आकड्यांबद्दलही जरा सबुरी ठेवा. पूर्वी डोकं फुटून आलेल्याला ‘मिटवून घ्या’ सांगून परत पाठवायचे. मीही पाठवलेत, खोटं कशाला बोलू. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात बजावलं, की दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर घ्यायचाच. त्यानंतर जे कागदावर येऊ लागलं, ते आधीही घडत होतंच.

बदललं काहीच नाही, असंही नाही. ऊसतोडीचा कोयता आमच्या भागात घरोघरी असतो. पण सोळा-सतरा वर्षांचं पोरगं तो कमरेला लावून, गाणं टाकून स्टेटस ठेवतंय, हे माझ्या नोकरीच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत बघितलं. आणलेल्या पोराला विचारलं, कुणाला मारणार होतास? म्हणाला, कुणालाच नाही साहेब, फक्त व्हिडिओ होता. त्याच पोराचं उद्या कट्ट्यावर कुणाशी वाजलं, तर हत्यार हाताशी असतंच. तुमच्या बस स्टँडमागचं प्रकरण याच जातीचं दिसतं. दुसरा बदल चौपदरी रस्त्यांचा. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला आला की भावाभावांत, बहिणीच्या सहीवरून, जुनं सगळं उकरून निघतं.

आता तुमच्या एनसी. २०२२ च्या त्या खुनांतले ९,९६२ वादावादीतून झालेले, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त. वैमनस्यातून ३,७६१. पैशाअडक्याच्या लोभाने १,८८४. आईला रात्री दाराची कडी वाजली की चोराची भीती वाटत असेल. ती वाटू दे, कडी घट्ट असावीच. पण माणूस मरतो तो बहुतेक ओळखीतल्या भांडणात.

एका उन्हाळ्यातलं सांगतो. बांधावरच्या बाभळीवरून दोन चुलतभावांचं चालायचं. पाच वर्षांत सात एनसी झाल्या, त्यातल्या चार माझ्या हातच्या. सातही वेळा मजकूर एकच : ‘शिवीगाळ करून पाहून घेतो अशी दमदाटी केली.’ खाली एकच शेरा : ‘फिर्यादीस कोर्टात दाद मागण्याची समज दिली.’ आठव्या वेळी मृगाच्या आधी एकाने बांध नांगरात घेतला, हद्दीचा दगड उचलून ओढ्यात टाकला, आणि दुसऱ्याने कुऱ्हाड आणली. पंचनाम्याला मीच होतो. बाभळीचा घेर मोजला, दोन फूट भरला.

एनसी म्हणजे अदखलपात्र. कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. म्हणून चौथीची वाट बघू नका. तिन्हींच्या प्रती घेऊन प्रभारी अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, की दोन्ही बाजूंवर प्रतिबंधक कारवाईचा, म्हणजे शांतता राखण्याचं हमीपत्र लिहून घेण्याचा, प्रस्ताव तहसीलदारांकडे पाठवा. पूर्वी याला आम्ही ‘एकशेसात’ म्हणायचो, जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १२६ झालंय. दोन्ही बाजूंवर, हे मुद्दाम म्हणतोय. एकट्या चुलत्यावर केलीत तर ती आणखी एक कुरापत होईल. दुसरं, भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाका. पैसे जातात, तारीख लवकर मिळत नाही, आणि मोजणी कुणाच्या तरी मनाविरुद्ध जातेच. न पटल्यास निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. खुणा रोवताना तुम्ही स्वतः हजर राहा, भावालाही पुण्याहून बोलवा. एवीतेवी तो येणारच आहे आईला न्यायला.

गावाचं चित्र खरंच बघायचं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ठाण्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे गेल्या दहा वर्षांचे खून, खुनाचे प्रयत्न, गंभीर दुखापती मागा. एनसींचा आकडाही मागा, वर्षनिहाय आणि महिनानिहाय. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की मला पाठवा, मे-जूनचे रकाने मी आधी बघेन.