प्रीअॅम्पसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: नागपूरला मनीषनगरात राहतो. हातात ७२ हजार पगार येतो, गृहकर्जाचा हप्ता धरून खर्च ५५ हजार. घरी इंटिग्रेटेड अॅम्प्लिफायर (प्रीअॅम्प आणि पॉवर अॅम्प एकाच पेटीत), डॅक (डिजिटल संगीत अॅम्प्लिफायरला चालेल अशा सिग्नलमध्ये बदलणारं यंत्र) आणि स्पीकर आहेत. बाबांचा टर्नटेबल आणि एलपी आता वाजवायच्या आहेत. दुकानदार ९० हजारांचा वेगळा प्रीअॅम्प (पॉवर अॅम्पच्या आधी सिग्नल निवडणारं आणि आवाज कमी-जास्त करणारं यंत्र) घ्या म्हणतो. १ लाखाची एफडी मोडू की कार्डावर हप्ते करू? दुसरी शिल्लक नाही.

उत्तर: दोन्ही करू नका. ही एफडी तुमचा दोन महिन्यांचा खर्चही भागवत नाही, तिला हात लावायचा नाही. कार्डावर १५ टक्के दर धरला तर १२ महिन्यांसाठी हप्ता साधारण ८,१२० रुपये येतो. व्याज साडेसात हजारांच्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी. महिन्याकाठी उरणाऱ्या १७ हजारांतला जवळजवळ अर्धा पैसा वर्षभर अडकेल.

शिवाय हे यंत्र तुमची अडचण सोडवेलच असं नाही. इंटिग्रेटेडच्या पोटात प्रीअॅम्प असतोच. डॅकमधून साधारण २ व्होल्ट येतात, अॅम्प्लिफायरला पूर्ण ताकदीसाठी त्याहून बरेच कमी लागतात, म्हणजे तिथे सिग्नल आणखी वाढवायची गरज नाही. अॅम्प्लिफायरच्या मागे ‘मेन इन’ (सिग्नल थेट पॉवर अॅम्पमध्ये नेणारं) सॉकेट नसेल, तर नव्या प्रीअॅम्पमधून निघालेला आवाज पुन्हा जुन्या प्रीअॅम्पमधूनच जाईल.

अडचण आहे ती एलपीची. टर्नटेबलची सुई ज्या कार्ट्रिजमध्ये बसते, त्याचे दोन मुख्य प्रकार. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात, मूव्हिंग कॉइलमधून बहुधा त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेच. त्यात रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात. ते पूर्ववत करावे लागतात. हे काम फोनो प्रीअॅम्पचं. दुकानातल्या त्या ९० हजारांच्या यंत्राला फोनो इनपुट आहे का, एवढं आधी विचारा. नसेल तर इतके पैसे घालूनही बाबांच्या एलपी पुटपुटल्यासारख्याच ऐकू येतील.

आधी तुमच्याच अॅम्प्लिफायरच्या मागे ‘फोनो’ लिहिलेलं सॉकेट शोधा. सापडलं आणि कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट असेल, तर प्रीअॅम्पवर एक रुपयाही घालू नका. नसेल तर साधा फोनो प्रीअॅम्प ५ ते १० हजारांत मिळतो. पगारातून घ्या आणि अॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ या साध्या इनपुटला जोडा. त्याआधी सुई मात्र तपासून घ्या. झिजलेली सुई रेकॉर्ड कायमची खराब करते आणि बाबांच्या त्या एलपी पुन्हा मिळायच्या नाहीत.

वेगळ्या प्रीअॅम्पची हौस तरीही राहिली तर दिवाळीनंतर, कूलर बंद झाल्यावर, दुकानदाराकडून आठवडाभर घरी मागून ऐका. कूलरच्या घरघरीत असले बारीक फरक कळत नाहीत. तोवर दरमहा १० हजार एफडीच्या जोडीला टाकत राहा.