वारेचं अर्धं राहिलेलं काम आणि बाईला लागलेला बोल

या वेळी वारेबद्दल तीन पत्रं आलीत, म्हणून एकत्रच घेते. वार म्हणजे प्लासेंटा, नाळ वेगळी, नाळ ही बाळाला वारेशी जोडणारी दोरी.

प्रश्न : मी अशोक चौकाजवळ राहते, वय २७, मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहेत. पहिल्या वेळी बीपी १६०/११० झालं, डोळ्यापुढं अंधारी यायला लागली आणि ३१व्या आठवड्यात सिझर करावं लागलं. मुलगी १ किलो ३०० ग्रॅमची होती, महिनाभर पेटीत ठेवली, आता तीन वर्षांची आहे, घरभर पळते. डॉक्टर म्हणाले वारेच्या पेशी नीट रुजल्या नव्हत्या. सासूबाई अजून ऐकवतात, शेंगाचटणी न लोणचं सोडलं नाहीस म्हणून झालं. आता परत दोन महिने झालेत. माझं नेमकं कुठं चुकलं?

उत्तर : ताई, तुमचं काहीच चुकलेलं नाही, आणि हे पान सासूबाईंनाही वाचून दाखवा. चटणी-लोणच्यातल्या मिठानं हा आजार, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढवणारा प्रीएक्लॅम्पसिया, होत नाही आणि मीठ बंद करून टळतही नाही. जे बिघडलं ते बीपी वाढायच्या कितीतरी आठवडे आधी बिघडलं, तिथं तुमचा हात पोचणारच नव्हता.

गर्भ पाचेक दिवसांचा असतो तेव्हा तो पेशींचा एक इवलासा पोकळ गोळा असतो, आतल्या पेशींचं बाळ होतं आणि बाहेरच्या पेशींची वार, या बाहेरच्यांना ट्रोफोब्लास्ट म्हणतात. त्यातल्या काही एकमेकींत मिसळून जातात, मधल्या भिंतीच जातात, आणि एकसलग थर तयार होतो. आईचं रक्त या थराला लागून वाहतं आणि बाळाला ऑक्सिजन, साखर सगळं यातूनच मिळतं, प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती पण याच थरानं बनवलेल्या एचसीजी नावाच्या हार्मोनमुळं. टॉवेलवर ते बारीक फासे कशाला काढतात हे मिस्टरांना विचारा, पाणी जास्त टिपावं म्हणून ना? वारेच्या आतही तसेच बारीक बारीक कोंब असतात, म्हणून अर्ध्या किलोच्या वारेचा हा थर उलगडून पसरला तर दहा-बारा चौरस मीटर भरतो, एक खोली झाकेल एवढा.

काही पेशी मात्र आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात आणि तुमच्या बाबतीत घोळ झाला तो इथं. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या पिळदार असतात, स्प्रिंगसारख्या. या पेशी पहिले दहा-बारा आठवडे त्यांची तोंडं बुजवून ठेवतात, आणि हळूहळू त्यांच्या भिंतीतला स्नायू काढून त्या सैल, रुंद करतात. मग बूच निघतं आणि रक्त संथ पण भरपूर यायला लागतं. तुमच्या वेळी हे काम अर्धवट राहिलं, वाहिन्या अरुंदच राहिल्या, वारेला ऑक्सिजन कमी पडला आणि तिनं तुमच्या रक्तात एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन जास्त सोडलं, जे रक्तवाहिन्यांचं अस्तर धड ठेवणाऱ्या द्रव्याला धरून ठेवतं, २००३ साली हा धागा सापडला. म्हणून बीपी, म्हणून लघवीतून प्रथिनं, म्हणून ती अंधारी. अशी वार मी ट्रेमध्ये धुऊन बघते तेव्हा बऱ्याचदा ती लहानखुरी असते, आणि एरवी जी मरून रंगाची, मऊ, वाट्यावाट्यांची दिसते तिच्यात बोटाला फिकट घट्ट गाठी लागतात, रक्त न पोचून सुकलेले भाग ते. त्या गाठी बघून मला दर वेळी वाटतं की ही वार त्या बाईला बोल लावणाऱ्या सगळ्यांना दाखवावी.

आता पुढचं बोलू, आणि इथं वेळ महत्त्वाची आहे. पहिल्या वेळी इतक्या लवकर बाळंतपण करावं लागलं असेल तर परत हा त्रास साधारण तिघींत एकीला होतो, म्हणजे दोघींना होत नाही. कमी डोसची ॲस्पिरिन बाराव्या आठवड्याच्या आसपास, सोळाव्याच्या आत सुरू केली तर फायदा होतो, २०१७च्या मोठ्या चाचणीत रोज रात्री १५० मिलिग्रॅम घेणाऱ्या जोखमीच्या बायकांमध्ये नववा भरायच्या आधी होणारा हा आजार शंभरात चारवरून दोनच्याही खाली आला. पण मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका, डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्या. म्हणूनच म्हणते, याच आठवड्यात जा, पाचवा लागू दे मग बघू असं नको, आणि मागची सगळी कागदं पिशवीत घालून न्या. सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात त्या घ्या, फक्त लोहाच्या गोळीबरोबर नको, वेगवेगळ्या वेळी. डोकं ठणकणं, डोळ्यापुढं काजवे, बरगडीखाली उजवीकडं दुखणं, तोंडा-हातावर अचानक सूज, बाळाची हालचाल कमी, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता झालं तर दोनलाच निघायचं. आणि बाळंतपणानंतरही वर्षातनं एकदा बीपी तपासत जा, कारण हा त्रास झालेल्या बायकांना पुढं बीपी आणि हृदयाचा धोका जास्त असतो, हे आपल्याकडं कुणी सांगतच नाही.

प्रश्न : (अक्कलकोट तालुक्यातून) माझ्या धाकट्या जावेची दोन सिझर झालीत. आता सोनोग्राफीत वार खाली आणि जुन्या टाक्यांवर आहे असं आलंय. घरचे म्हणतात जवळच्या छोट्या दवाखान्यातच करू, डॉक्टर ओळखीचे आहेत.

उत्तर : नको, कृपा करून नको. वरच्या ताईंच्या उलट झालं असण्याची शक्यता आहे. जुन्या टाक्याच्या जागी गर्भाशयाचं अस्तर धड नसतं, पेशींना थांबवणारं काही राहत नाही, मग त्या स्नायूत खोल जातात आणि वार चिकटते. २००६च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, वार खाली असताना तिसरं सिझर झालेल्या शंभरातल्या चाळीस जणींची वार अशी चिकटलेली होती. ती ओढायला गेलं की रक्त थांबत नाही, कधी कधी गर्भपिशवीच काढावी लागते. डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी, करून घ्या, आणि रक्तपेढी, आयसीयू, अनुभवी सर्जन एका छताखाली आहेत अशा ठिकाणी नाव घाला, सोलापुरात सिव्हिल आहे. चिकटलेली निघाली तर बहुतेक ३४-३५व्या आठवड्यात ठरवून सिझर करतात. रक्त देणारे चार नातेवाईक आत्ताच ठरवून ठेवा.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. वारेत वडिलांचे जीन्स असतात, तरी आईचं शरीर तिला परकं म्हणून फेकून का देत नाही?

उत्तर : छान विचारलंस. आत शिरणाऱ्या पेशी अंगावर नेहमीच्या बऱ्याचशा ओळखखुणा बाळगत नाहीत, एचएलए-जी नावाची खूण लावतात, आणि गर्भाशयातल्या नॅचरल किलर पेशी नाव असं असूनही मारामारी करण्याऐवजी वाहिन्या रुंद करायला मदतच करतात. आणि तो एकसलग थर सांगितला ना, त्या पेशींना एकत्र जोडणारं सिन्सिटिन हे प्रथिन कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या डीएनएत शिरलेल्या एका विषाणूच्या जीनमधून आलंय, २००० साली हे कळलं. जपानमध्ये तोहोकू विद्यापीठात २०१८ साली माणसाच्या ट्रोफोब्लास्ट मूळ पेशी बशीत वाढवता आल्या, त्यामुळं आता या पेशी कशा वाढतात ते गरोदर बाईला हात न लावता बघता येतं.