वास येतो, पण कसला ते कळत नाही

ताई, स्किझोफ्रेनिया असलेल्या तुमच्या भावाला दूध करपलं तरी कळत नाही, घामट शर्ट तो चार दिवस घालतो आणि डॉक्टर म्हणतात नाक ठीक आहे, हे तुमचं वाचून आमच्याच घरातलं वाटलं. मी डॉक्टर नाही. औषधांचं तुमच्या सायकियाट्रिस्टनाच विचारा.

आम्हाला सगळ्यात महागात पडली ती एका ओपीडीतली तपासणी. नाव घेत नाही. नाकासमोर स्पिरिटचा बोळा धरला, पेशंटने तोंड फिरवलं, की केसपेपरवर 'वास नॉर्मल' लिहून मोकळे! पुढच्या प्रत्येकाने तेच उतरवून घेतलं आणि सगळं खापर आळसावर फुटलं. अहो, स्पिरिट, अमोनिया, पेनबाम यांची झणझण ट्रायजेमिनल नर्व्हमधून, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदनांच्या नसेतून, कळते. वासाची नर्व्ह वेगळी. ज्याला काडीचा वास येत नाही तोही अमोनियाने दचकतो. त्यामुळे तुमच्याकडे 'ठीक' कशावरून ठरवलं ते आधी विचारा.

शिवाय स्किझोफ्रेनियात बऱ्याचदा वास येतो, पण कसला ते ओळखता येत नाही, दोन वासांतला फरक कळत नाही. आजाराच्या पहिल्याच एपिसोडमध्ये, औषध सुरू होण्याआधीही हे दिसतं, म्हणजे सगळा दोष गोळ्यांचा नाही. भास होण्यापेक्षा निगेटिव्ह लक्षणांशी, म्हणजे उत्साह आटणं, माणसांतून उठणं, यांच्याशी त्याचं नातं जास्त.

नीट चाचणी म्हणजे स्निफिन स्टिक्स किंवा यूपीएसआयटी. पहिलीत वासाच्या पेनांनी तीन गोष्टी तपासतात: किती सौम्य वास कळतो, तीन पेनांतलं वेगळं कोणतं आणि चार पर्यायांतून ओळख. प्रत्येकी 16, एकूण 48 गुण. दुसरीत खरवडून हुंगायचे 40 वास असतात. तिच्या मूळ अमेरिकन आवृत्तीत रूट बिअरसारखे (हे तिकडचं एक शीतपेय) वास आहेत; जन्मात न हुंगलेल्या वासावर गुण गेले तर तो आजार नव्हे. आणि त्याआधी ईएनटीकडून पॉलिप (नाकातली मांसवाढ), सायनस, व्हायरल, डोक्याचा मार हे सगळं बघून घ्या.

घरी अंदाज घ्यायचा तर एकसारख्या अपारदर्शक डब्या घ्या. दोनांत कॉफी, एकीत लवंग, वेगळी कोणती ते विचारा. डबी नाकापासून दोनेक सेंटिमीटरवर, तीन-चार सेकंद. मध्ये अर्धा मिनिट थांबा. आधी पंधरा मिनिटं खाणं नाही, सिगारेट नाही. ओळखायला सांगाल तेव्हा चार पर्याय लिहून द्या. पर्यायांशिवाय चांगले धडधाकट लोकही अडखळतात. चोरून मात्र काही करू नका. अन्नात काही मिसळलंय असा संशय असलेल्या दिवशी तर डब्या बाहेरच काढू नका.

धाकट्या बहिणीला वास कमी येतो म्हणून तिलाही होईल का, या प्रश्नाने झोप घालवू नका. 2003 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, जास्त धोका असलेल्या ज्या तरुणांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला त्यांची वास ओळखण्याची क्षमता आधीच कमी दिसली होती. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तसं आढळलं नाही. सर्दी, सिगारेट, वय, पार्किन्सन, कशानेही वास कमी होतो. गटाच्या सरासरीवरून एका मुलीचं भविष्य सांगणाऱ्यांपासून लांब राहा. तिची झोप, अभ्यास, मित्रमैत्रिणी यांत बदल वाटला तर तेवढ्यासाठी दाखवा.

नसलेला जळका वास अचानक काही सेकंद येणं आणि त्याच वेळी शून्यात बघत राहणं, हे प्रकरण वेगळं. ते फिट्सचं असू शकतं, न्यूरॉलॉजिस्टला सांगाच.

वासासाठी म्हणून सिगारेट सोडवणार असाल आणि क्लोझापिन किंवा ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियाची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना कळवा. धुरामुळे ही औषधं शरीरातून लवकर निघून जातात. धूर थांबला की त्याच डोसला रक्तातली पातळी चढते. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळे पॅच लावूनही पातळी चढतेच.

गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी दिवसातून दोनदा हुंगायचं स्मेल ट्रेनिंग करून बघायला हरकत नाही. पण त्याचा पुरावा मुख्यतः व्हायरलनंतर गेलेल्या वासाचा आहे, फार आशा धरू नका.

'तुला वास येत नाही का?' हे विचारणं बंद करा. खरंच कळत नसतो. कपडे बदलायचे वार ठरवून टाका. आणि गॅस डिटेक्टर आजच लावा. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीपासून साधारण फूटभर वर. पाइपचा नैसर्गिक गॅस हलका, त्यासाठी छतापासून फूटभर खाली.