वाटणी सारखी, तरी मुलगी नाराज

तुमच्या पत्राचा आशय असा: मुलगी 11 वर्षांची, मुलगा 6 वर्षांचा, कपडे, खेळणी, झोपायची वेळ, सगळे तुम्ही दोघांना कटाक्षाने सारखे ठेवता. तरीही गेल्या आठवड्यात धाकट्याने तिच्या चित्रावर रंगाचे पाणी सांडले, तुम्ही तिलाच गप्प केले आणि ‘तुला तोच आवडतो’ असे म्हणून ती दार लावून बसली. कुठे चुकले, असे तुम्ही विचारता.

सप्रेम नमस्कार. पत्र मी दोनदा वाचले. ‘ती मोठी आहे, तिने समजून घ्यायला हवे’ हे वाक्य त्यात चार वेळा आले आहे. तुम्ही वस्तूंचा हिशेब ठेवता आणि ती बहुधा या वाक्याचा ठेवते. आल्फ्रेड आडलर या मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्या अपत्याला सिंहासनावरून उतरवलेल्या राजाची उपमा दिली होती. मला ती थोडी नाटकी वाटते, परंतु तुमची मुलगी 5 वर्षे एकुलती एक होती, हे विसरून चालणार नाही.

सारखेपणा म्हणजे न्याय, ही समजूत मात्र सोडून द्या. अमांडा कोवाल आणि लॉरी क्रेमर यांनी 11 ते 13 वर्षांच्या मुलांशी बोलून केलेला अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. आईवडील आपल्याशी आणि भावंडाशी वेगळे वागतात हे त्या मुलांना दिसत होते, पण बहुतेक वेळा त्यात त्यांना अन्याय वाटत नव्हता, कारण वय आणि गरज वेगळी असते हे त्यांना उमगत होते. म्हणजे फरक करायला हरकत नाही. त्याचे कारण मुलांना पटले पाहिजे.

तुमच्या घरी मोठेपणाचा भार मुलीवर आहे, मान मात्र नाही. समजून घ्यायचे तिने, आणि समानतेच्या नावाखाली झोपायचे धाकट्याच्याच वेळेला! तिला अर्धा तास उशिरा झोपू द्या. मुलगा कुरकुर करील. तू तिच्याएवढा झालास की तुलाही मिळेल, एवढे त्याला सांगितले तरी पुरे. तो अर्धा तास अधूनमधून तिच्याजवळ बसण्यात घालवलात, आणि त्यात भावाचा विषय काढला नाहीत, तर फारच उत्तम.

भांडण तुमच्या डोळ्यांदेखत झाले नसेल तर न्यायाधीश होऊ नका. चित्राची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे नुकसान कोणाचे झाले हे उघड होते. 6 वर्षांच्या मुलाला सांडलेले पाणी पुसता येते आणि ‘चुकलो’ असे म्हणताही येते. तो लहान आहे म्हणून तुम्ही दोन्ही टाळलेत. त्या दिवशी तिला गप्प केल्याबद्दल तुम्ही तिची माफी मागितल्याचा उल्लेख पत्रात कुठेही नाही. ती आज मागा, धाकटा जवळपास नसताना, आणि ‘पण तूही’ हे शब्द न जोडता.