वडील आणि काका दोघांनाही पक्षाघात झाला होता. मला टाळता येईल का, आणि आला तर ओळखायचा कसा?

घराण्यात आहे म्हणून तुम्हाला होईलच असं नाही. बहुतेकदा वारशाने येतो तो रक्तदाब आणि मधुमेह, आणि दोन्ही आटोक्यात ठेवता येतात. तिशीपासूनच बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासत राहा. बीपी साधारण १३०/८० च्या खाली हवं. आकडा नॉर्मल आला की लोक गोळी बंद करतात, ते अजिबात करू नका. तो गोळीमुळेच नॉर्मल असतो. तंबाखू सोडा. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे.

ओळखायचं असं: हसायला सांगा, तोंड एका बाजूला वाकतंय का? दोन्ही हात वर धरायला सांगा, एक खाली येतोय का? बोलणं अडखळतंय का? यातलं एकही अचानक दिसलं तर घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. सीटी स्कॅन असलेलंच रुग्णालय गाठा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण ४.५ तासांच्या आतच देता येतं. पाणी पाजू नका, ठसका लागू शकतो. अ‍ॅस्पिरिनही नको, मेंदूत रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते.

लक्षणं दहा मिनिटांत गेली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तुमच्या घरात तर नक्कीच.